बेबाबाईच्या नावाची घागर

पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत एक घर आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर पत्रा. त्या घरासमोरून जाताना बायका डोक्यावर पदर घ्यायच्या आणि पुरुष उगाच खाकरायचे. कारण त्या घरात बेबाबाई होती, आणि बेबाबाई मेलेली होती.

तिच्या मरणाबद्दल कुणालाच शंका नव्हती. आम्ही सगळे तिच्या गंधमुक्तीला, म्हणजे दिवसकार्याला, जेवलो होतो. ती माहेरी म्हणून गेली आणि काही दिवसांनी तिचा नवरा डोकं भादरून एकटाच परत आला. शेतात पान लागलं, साप चावला, तिकडेच अग्नी दिला, म्हणाला. गल्लीत मांडव पडला, भजन झालं, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी झाली. जिच्या नावानं आपण पोटभर जेवलो ती बाई मेलीच नाही, असं कोण म्हणेल? पुढे नवरा घराला कुलूप लावून सुरतेला निघून गेला. घर रिकामं राहिलं आणि रिकाम्या घरांचं होतं तेच त्याचं झालं. कुणाला खिडकीत लुगडं दिसलं, कुणाला भर दुपारी बांगड्या ऐकू आल्या. जळगावची वैशाखातली दुपार तुम्हाला माहीत असेल. रस्त्यावर कुत्रं नसतं, उन्हाची नुसती शीळ वाजत असते. अशा दुपारी माणसाला काहीही ऐकू येतं.

पण मला सांगायचं आहे ते दिपमालाबद्दल. मी जन्मभर तमाशाच्या फडात बाईचं काम केलं, त्यामुळे मला एवढं कळतं, की नायिका उशिरा येते, आधी तिची चाहूल येते. दिपमालाच्या आधी आमच्या गल्लीत ऐकू आली ती तिच्या शिलाई मशिनची घरघर.

ते घर तिच्या सासरच्यांनी भाड्यानं घेतलं. नवरा योगेंद्र, सासू कमलबाई आणि ही. भुताचं घर म्हणून स्वस्तात मिळालं. समोरच्या झुंबरबाईनं पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. कमलबाई सामान उतरवता उतरवता म्हणाली, "भूत ते भूत. जित्ता मानूसपेक्षा बरं." गल्ली हसली. आम्हाला वाटलं, बाई विनोदी आहे.

योगेंद्र वाईट पोरगा नव्हता. हे लिहायलाच हवं, कारण तो राक्षस असता तर माझं काम सोपं झालं असतं. एमआयडीसीत पाइपांच्या एका कारखान्यात तो ठेकेदाराच्या हाताखाली होता. माझे गुडघे दुखायला लागले की स्कूटर घेऊन दवाखान्यात न्यायला तोच पुढे. "आबा, घट्ट धरा, तुम्ही काही गौळण नाही आता," अशी थट्टा करायचा. मग एका सकाळी ठेकेदारानं त्याला फाटकावरूनच परत पाठवलं. दुसरीकडे काम लागेना. इकडे लग्नसराई सुरू झाली आणि दिपमालाच्या मशिनला उसंत राहिली नाही. कॉलनीतल्या बायका ब्लाउजं, साड्यांचे फॉल घेऊन यायला लागल्या. घर तिच्या पायांवर चालायला लागलं.

नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर मी बसलेलो असताना एकानं त्याला विचारलं, "काय योगेंद्रशेठ, आज मशिन चालू का बंद?"

दुसरा म्हणाला, "मशिन चालू तं चूल चालू. चूल चालू तं शेठ चालू!"

सगळे खो-खो हसले. योगेंद्रही हसला. हसता हसता त्यानं कप बाकावर ठेवला तो इतका हळू, की मला फडातला एक जुना नट आठवला. त्याला खरा राग आला की तो असाच हळू व्हायचा.

त्या दिवशी दिवेलागणीला दिपमालाचं मशिन शिवण अर्धी असतानाच थांबलं. आधी स्कूटर आली, मग मशिन थांबलं, मग थोडा वेळ अशी शांतता, की झुंबरबाईच्या घरातला पंखा मला रस्त्यापलीकडे ऐकू यावा. आणि मग भिंतीला काहीतरी जड आपटलं. एक भांडं घरंगळलं. मागोमाग बाईचा आवाज. रडणं नव्हे, दात आवळून काढलेलं लांबलचक कण्हणं.

झुंबरबाई ओट्यावर गव्हातले खडे निवडत होती. तिनं ताट बाजूला ठेवून उंबऱ्याला हात लावला. "बेबा उनी," म्हणाली. बेबा आली.

दुसऱ्या दिवशी त्या दारावर लिंबू-मिरची लागली. कमलबाईनंच लावली.

मग तो नेमच झाला. संध्याकाळी मशिन थांबलं, की गल्ली कान टवकारायची. आवाज आला, की टीव्ही मोठे व्हायचे, पोरांना आत घ्यायचे, कुणी उदबत्ती लावायचं. लोक खरोखर घाबरत होते, मीही घाबरत होतो. आयुष्यभर मी पडद्याआडची भुतं पाहिली. पत्रा हलवला की वीज, माठात तोंड घालून ओरडलं की वेताळ. पण खरं भूत वेगळं असणार, अशी माझी श्रद्धा होती.

दिपमाला माझ्याकडे आली ती काठांसाठी. माझ्याजवळ उरलाय तो एक पेटारा. त्यात फडातली जरीची लुगडी.

"आबा, तुमच्याकडं जुनी लुगडी आहेत म्हणतात. ब्लाउजांना काठ लावायला मिळतील का?"

"लुगडी आहेत बाई. आतली बाई म्हातारी झाली."

ती हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवून हसली. पण आवाज आला नाही. एवढं हसू आणि एवढी शांतता मी कधी एकत्र पाहिली नव्हती. मग लक्षात आलं, की तिच्या पायांतली जोडवीही वाजत नव्हती. तिनं त्यांना दोरा गुंडाळला होता.

काठ उसवता उसवता ती बोलत गेली. दोंडाईच्याच्या पलीकडलं गाव. बाप लहानपणी गेला, भाऊ नाही. आईनं मामाच्या घरी धुणीभांडी करून वाढवलं. दहावीचा निकाल लागायच्या आधी मामानं स्थळ पाहिलं. पोरगी वयात आली, जबाबदारी टळली. आईनं निघताना आपलं मशिन दिलं आणि पुढल्या वर्षी ती गेली.

"मग आखाजीला कोण येतं न्यायला?" मी विचारलं.

आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. लेकीला आणायला माहेराहून माणूस जातो, तो मुऱ्हाळी. बहुतेक भाऊच असतो. मुऱ्हाळी आला की सासरची माणसं कितीही खाष्ट असोत, लेकीला पाठवतात. तो नुसता न्यायला येत नाही. तो ओट्यावर बसतो, बहिणीच्या तोंडाकडे पाहतो, हातांकडे पाहतो. ज्या बाईला मुऱ्हाळी येत नाही, तिच्या सासरी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होते, की हिला विचारायला कुणी येणार नाही.

"पहिल्या वर्षी मामाचा मुलगा आला होता," ती म्हणाली. "नंतर कुणी नाही. पण मला एकटं वाटत नाही, आबा. बेबाबाई असतात."

माझ्या हातातली कात्री थांबली.

"सगळे घाबरतात त्यांना. त्या वाईट नाहीत. दुपारी मी मशिनवर असले की मागं येऊन बसतात. उंच आहेत. कपाळावर गोंदण. डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे त्यांची. बोलत नाहीत जास्त. एवढंच म्हणतात, मी येईन तुला न्यायला."

हे तिनं मला दोऱ्याचा रंग सांगावा तसं सांगितलं. उन्हाचा एक पट्टा तिच्या पाठीमागच्या चटईवर पडला होता. मी त्या पट्ट्याकडे बघायचं टाळलं.

ब्लाउजं शिवून झाल्यावर ती उरलेले काठ परत करायला आली. माझ्या उंबऱ्याशी चटईच्या कडेत तिचा पाय अडकला आणि ती पडली.

माणूस पडतो तेव्हा हात पुढे करतो. हिनं केले नाहीत. हनुवटी छातीला लावली, एक कोपर डोक्यावर घेतलं, दुसरा हात पोटावर ठेवला आणि खांद्यावरून अलगद जमिनीला टेकली. चटईचासुद्धा आवाज झाला नाही.

वगात नवऱ्यानं लाथ मारायची आणि मी असंच पडायचं, असा आमचा एक हुकमी प्रवेश होता. लोक पोट धरून हसायचे. आमच्या उस्तादांनी मला ते पडणं शिकवायला अख्खा हिवाळा घेतला होता. डोकं वाचव, हात आखूड घे, खांद्यावर उतर. तालमीशिवाय असं कुणाला पडता येत नाही. आणि उस्तादांनी मला पोटावर हात ठेवायला कधी शिकवलं नव्हतं. त्याची मला गरज नव्हती. मागे एकदा कमलबाई झुंबरबाईला सांगत होती, ते मला आठवलं. सून पायरीवरून घसरली, पोटातलं राहिलं नाही.

"हे पडायला तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

ती उठून बसली. माझ्या मागच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "बेबाबाईनं."

  रंगमंचावरच्या प्रत्येक भुताला एक इशारा लागतो. ढोलकीची थाप पडली की त्यानं यायचं. आमच्या गल्लीतल्या भुताचा इशारा काय होता, ते मला त्या क्षणी कळलं. ते स्कूटरच्या मागून येत होतं.

मी कमलबाईकडे गेलो. ती मागच्या दारात लसूण सोलत होती.

"अक्का, पोरगी मरून जाईल."

तिनं वर पाहिलं नाही. "मी बी मार खादा, आबा. मन्ही सासूनी बी खादा. मरी गऊ का मी?"

"म्हणून हिनंही खायचा?"

"पोऱ्यानं काम गयं शे. बाहेर चार मानसं हसतस. कोनावर राग काढी तो?" एक पाकळी तिच्या बोटांतून निसटली. ती उचलून, पुसून, पुन्हा पुन्हा पुसून तिनं वाटीत टाकली. "लहान व्हता तवय बापनं मले मारं, का हाऊ खाटखाले जाई बसे. कानवर हात ठी."

खाटेखाली कानांवर हात ठेवून बसलेलं ते पोर माझ्या डोळ्यांसमोर आलं. तोच आता स्कूटर लावून घरात शिरत होता.

मी झुंबरबाईलाही गाठलं. "झुंबर, हे भूत योगेंद्र घरी आल्यावरच का येतं गं?"

"आबा, तुम्ही नाटकवाला. तुमले बठ्ठं नाटकच दिसस," ती म्हणाली. पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "आनि कोनाना घरमा आपन कसाले बोलानं? आखाजीले बेबाना नावनी घागर भरी टाकूत. शांत व्हई जाई बाई."

आखाजीला आम्ही गेलेल्यांच्या नावानं मातीची घागर भरतो. गार पाणी, वर डांगर, म्हणजे खरबूज, सोबत आंबे, सांजोरी. बेबाबाईला मूलबाळ नव्हतं, तिच्या नावाची घागर कुणी भरली नव्हती. तिचा आत्मा तहानलेला राहिला, म्हणून ती नव्या सुनेला छळते, असं गल्लीनं ठरवलं. वर्गणीची गरजच पडली नाही. कुणी घागर आणतो म्हणालं, कुणी डांगर. भुतासाठी सगळे लगेच तयार झाले.

आखाजीच्या आधी पाचोऱ्याला एका लग्नाला जायचं होतं. फडातल्या माझ्या जुन्या सोबत्याची नात. मांडवाच्या मागे बायका खापरावर मांडे करत होत्या. मला मांडे बनताना बघायला फार आवडतं, तोही एक नाचच आहे. कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवायचा, कोपरापर्यंत पसरवायचा आणि तलम कापडासारखा तापल्या खापरावर टाकायचा. एक उंच बाई ते असं करत होती, की मी चहा घेऊन तिथंच थांबलो. मग तिच्या डाव्या हाताची करंगळी दिसली. वाकडी होती.

"आबा, असा काय पाही ऱ्हायनात?" ती म्हणाली. "मी शे. बेबा."

चहा माझ्या धोतरावर सांडला. भाजलं, तेव्हा खात्री पटली की निदान मी तरी जिवंत आहे.

"तू मेलीस ना गं?"

"कवय?"

"आम्ही तुझ्या गंधमुक्तीला जेवलो!"

"काय व्हतं जेवाले?"

"वरण-बट्टी."

"वर तूप?"

"होतं."

"घ्या!" ती बाकीच्या बायकांकडे वळून ओरडली. "जित्ती व्हतू तवय तूपना थेंबकरता मारे. मरनू तं बट्टीवर तूप!" सगळ्या खदखदून हसल्या. त्यांना ते ठाऊक असावं. 

तिनं सांगितलं ते असं. ती माहेरी गेलीच नव्हती. नवऱ्यानं करंगळी मोडली त्या दिवशी ती हाताला फडकं बांधून स्टेशनावर गेली आणि समोर आलेल्या गाडीत बसली. पाचोऱ्याला उतरली, कारण तिथं मांडे करणाऱ्या बायकांचा घोळका उतरत होता, आणि त्यातल्या एकीनं विचारलं, हात कसा मोडला. पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. ती त्यांच्यामागून चालत गेली. नवऱ्यानं मात्र तिला मारून टाकलं. बायको पळाली तर नाक कापलं जातं. बायको मेली तर लोक जेवायला येतात.

मी तिला गल्लीतल्या भुताबद्दल सांगितलं. संध्याकाळचे आवाज, उदबत्त्या, घागर. मला वाटलं, पुन्हा हसेल.

"मी जित्ती व्हतू तवय मन्हं रडनं कोनलेच आयकू उनं नही," ती म्हणाली. "आते बठ्ठासले आयकू येस?"

खापरावरचा मांडा करपला. जळक्या कणकेचा वास सुटला तरी तिनं तो काढला नाही.

"कोन ऱ्हास आते त्या घरमा?"

मी दिपमालाचं सांगितलं. ती मागं येऊन बसते म्हणते, तेही सांगितलं. बेबाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"तिले आखाजीले मुऱ्हाळी कोन जास?"

"कुणी नाही."

"मी जासू." मग करपलेला मांडा काढत, "पन बाईमानूस मुऱ्हाळी व्हस का, आबा?"

"मी येतो की बरोबर. जन्मभर अर्धा गडी, अर्धी बाई होतो. आपण दोघं मिळून एक अख्खा मुऱ्हाळी होतो."

आखाजीच्या दिवशी गल्ली फुलली होती. माहेरी आलेल्या लेकी, निंबाला झोके, हातांवर मेंदी. पण एक झोका रिकामाच हलत होता, त्यावर कुणी बसेना. झुंबरबाईनं त्या घराच्या ओट्यावर घागर मांडली होती. लाल दोरा गुंडाळलेली, वर तांब्या, तांब्यावर डांगर. बायका हात जोडून उभ्या होत्या. दारं-खिडक्या बंद होत्या. आत मशिन चालू होतं. सणाच्या दिवशीही.

उन्हं जराशी कलली होती. मी जरीचा फेटा बांधून कोपऱ्यावर उभा होतो. रिक्षातून बेबाबाई उतरली. लाल काठाचं लुगडं, हातात आंब्यांची पिशवी. मला ओलांडून ती सरळ चालत गेली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, पाहुणी वाटली असेल. ओट्यावर चढली, टेकली, घागरीवरचं डांगर मांडीवर घेतलं, तांब्या बुडवला आणि गटागटा पाणी प्याली.

"गार शे," म्हणाली. "कोनाकरता भरी?"

आधी झोके थांबले. मग एक लेक किंचाळली. झुंबरबाई मात्र पळाली नाही.  ती तिथंच मटकन बसली आणि सरपटत पुढे येऊन बेबाबाईची पावलं चाचपायला लागली.

"पाय सरळ शेतस," ती बडबडली. "सरळ शेतस वं माय. गरम शेतस."

"मी मरेल नही, झुंबरबाई. निंघी गऊ व्हतू."

 झुंबरबाईचा हात तसाच बेबाबाईच्या पावलावर होता. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उतरत गेलं, पडदा उतरावा तसं.

"मंग," ती म्हणाली, "आमी आयकत व्हतूत, ते कोन व्हतं?"

 त्याच वेळी आतलं मशिन थांबलं. दार उघडलं आणि दारात योगेंद्र उभा राहिला. सगळी गल्ली त्याच्याकडे बघत होती. भुताकडे पाठ करून.

"काय तमाशा आहे?" तो म्हणाला.

"तमाशाच आहे, बाबा," मी ओट्याशी गेलो. "आम्ही मुऱ्हाळी आहोत. दिपमालाला आखाजीला न्यायला आलो."

"तिला माहेर नाही."

"पाचोराले शे," बेबाबाई म्हणाली.

"ही कोण? तुम्ही कोण मला सांगणारे?" त्याचा आवाज अगदी हळू झाला. टपरीवर कप ठेवतानाचा तो हळूपणा मी ओळखला. "आबा, घरी जा. ती कुठं जाणार नाही."

मी म्हातारा, बेबाबाई बाईमाणूस. त्यानं नुसतं दार ओढून घेतलं असतं तरी खेळ संपला होता. आणि मग आतली रात्र दिपमालाच्या वाट्याला आली असती, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आता ठाऊक नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

त्याच्या मागून कमलबाई आली. हातात पाण्याची बादली आणि तांब्या. आमच्याकडे मुऱ्हाळ्याच्या पायांवर सासूनं पाणी घातलं, की त्याला रिकामा परत पाठवत नाहीत. नाही पाठवायचं, तर पाणीच घालायचं नाही. तसाच उन्हात उभा ठेवायचा. कमलबाई लेकाच्या बाजूनं वाकून बाहेर आली. माझ्या पायांवर तिनं पाणी घातलं. मग बेबाबाईच्या.

"आई!" योगेंद्र ओरडला.

तिनं तांब्या पालथा घातला. "मन्हा मुऱ्हाळी कधी उना नही," एवढंच म्हणाली. कुणाकडे बघून म्हणाली, ते कळलं नाही.

दिपमाला दारात आली. हातात पिशवी होती, गच्च भरलेली, तोंडाला गाठ मारलेली. बेबाबाईला पाहून ती दचकली नाही, की घाबरली नाही.

"किती उशीर केलात," म्हणाली.

बेबाबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मी आधी कळवलं होतं. मी कळवलं नव्हतं. शपथ घेऊन सांगतो, एक शब्द बोललो नव्हतो.

"जायचं तर जा," योगेंद्र म्हणाला. "मशिन इथंच राहील."

"मशिन माझ्या आईनं दिलंय." गल्लीनं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

तो पुढे सरकला. झुंबरबाई उठली, लुगडं खोचलं आणि त्याच्या अंगाला अंग घासून सरळ घरात शिरली. मागून तिच्या दोन लेकी. तिघींनी मशिन उचलून बाहेर आणलं, आणि योगेंद्र भिंतीला पाठ लावून बघत राहिला. इतक्या माणसांसमोर त्याचा हात उचलला गेला नाही. भिंतीवर त्याच्या डोक्याजवळ एक खड्डा होता, त्यातला चुना पडला होता. बायका मशिन घेऊन जाताना सगळ्यांनी तो पाहिला.

रिक्षा निघाली तेव्हा तो रिकामा झोका पुन्हा हलायला लागला होता. वारा सुटला असेल.

दिपमाला पाचोऱ्याला बेबाबाईच्या खोलीत राहते. दिवसा शिवते, लग्नाच्या दिवसांत मांडे शिकते. तिथल्या समुपदेशन केंद्रातल्या बाईंनी तिची तक्रार नोंदवून घेतली, तारखा पडतात. मी भेटायला गेलो तेव्हा तिनं मला मांडा करून दाखवला. तो फाटला, तशी ती हसली. आवाजासकट हसली. जोडव्यांचा दोरा तिनं सोडला आहे. "आता मागं कुणी येऊन बसत नाही," ती म्हणाली. मग हळूच, "कधी कधी आठवण येते पण त्यांची." आणि शेजारी भाकरी थापणाऱ्या बेबाबाईकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

हे लिहून मी थांबणार होतो. पण ज्येष्ठातली एक संध्याकाळ सांगायची राहिली.

दिवे लागले होते. झुंबरबाई तिच्या ओट्यावर, मी माझ्या. त्या घरात आता दोनच माणसं, माय आणि लेक. स्कूटर आली. मशिन नव्हतं, त्यामुळे काही थांबलं नाही. तरी ती जुनी शांतता आली. झुंबरबाईच्या घरातला पंखा मला ऐकू यायला लागला. मग भिंतीला काहीतरी आपटलं. एक भांडं घरंगळलं. मागोमाग कण्हणं आलं. हा आवाज म्हातारा होता.

बेबा उनी, असं कुणी म्हणालं नाही. झुंबरबाईनं आत जाऊन टीव्ही बंद केला. शेजारचाही बंद झाला, त्याच्या पलीकडचाही. सबंध गल्ली गप्प झाली. मग झुंबरबाईच्या चपला वाजल्या. दारं एकेक करून उघडली. मी काठी घेऊन मागून निघालो, तोवर ती त्या ओट्यावर पोचली होती. लिंबू-मिरची वाळून दोऱ्याला लोंबत होती. ती तिनं हातानं बाजूला सारली आणि कडी वाजवली.

आतलं कण्हणं थांबलं.

"कोण आहे?" योगेंद्रनं विचारलं.

झुंबरबाईनं मागं वळून आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"बेबा," ती म्हणाली. "दार उघाड."